ई जीवनसत्त्व आणि ताणातून येणारं नैराश्य : शंभर वर्षांची गोष्ट

मागच्या वर्षी अशाच एका व्याख्यानानंतर एक काका थांबले होते. सभागृह रिकामं होईपर्यंत ते बाजूला उभे राहिले आणि मग जवळ आले. खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला एक लेख दाखवला. सततच्या ताणामुळे येणाऱ्या नैराश्यावर ई जीवनसत्त्व गुणकारी आहे, असं प्रयोगांत दिसल्याचं त्यात लिहिलं होतं. काकांच्या मुलाला वर्षभर नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. काकांनी विचारलं, "सर, गोळ्या बंद करून ही हिरवी कॅप्सूल दिली तर चालेल का? मुलाचंही तेच म्हणणं आहे."

मी डॉक्टर नाही, विज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे. मी त्यांना एवढंच म्हणालो, की गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका, हा लेख घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण लेख खोटा नव्हता. असे प्रयोग खरोखर झालेत आणि त्यांत तसं दिसलंयही. मग खऱ्या गोष्टींतून काका त्या प्रश्नापर्यंत कसे पोचले? आज मला तो रस्ता तुमच्याबरोबर पुन्हा चालून बघायचा आहे.

ही गोष्ट अमेरिकेत सुरू होते. साल १९२२, कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली. तिथे हर्बर्ट एव्हन्स आणि कॅथरिन स्कॉट बिशप हे दोघे संशोधक उंदरांना अगदी मोजूनमापून तयार केलेला आहार देत होते. दुधातलं शुद्ध केलेलं प्रथिन, स्टार्च, चरबी, क्षार आणि तोवर माहीत असलेली जीवनसत्त्वं, असा तो आहार. उंदीर छान वाढायचे, दिसायला धडधाकट असायचे. पण त्यांना पिल्लं होत नव्हती. मादीला गर्भ राहायचा आणि काही दिवसांनी तो पोटातच विरून जायचा. मग त्यांनी आहारात लेट्यूसची पानं घातली, आणि पिल्लं झाली. गव्हाच्या अंकुराचं तेल दिलं, त्यानेही तेच झालं. म्हणजे अन्नात आणखी काहीतरी होतं, जे कुणालाच माहीत नव्हतं. सुरुवातीला त्याला 'एक्स घटक' म्हणत. ए, बी, सी, डी ही अक्षरं तोपर्यंत वापरून झाली होती, म्हणून पुढे बार्नेट शूअर यांनी सुचवल्याप्रमाणे त्याला 'ई' म्हणू लागले.

तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला १९३६ साल उजाडलं. एव्हन्स, ऑलिव्हर इमर्सन आणि ग्लॅडिस इमर्सन यांनी गव्हांकुराच्या तेलातून तो वेगळा केला. नाव काय ठेवायचं? त्यांनी ग्रीकचे प्राध्यापक जॉर्ज कॅल्हून यांना विचारलं. 'टोकोस' म्हणजे प्रसव आणि 'फेरेन' म्हणजे वाहून आणणं, त्यावरून नाव झालं 'टोकोफेरॉल'. थोडक्यात, ज्या जीवनसत्त्वाबद्दल आज आपण मेंदूच्या संदर्भात बोलतोय, त्याच्या नावात मेंदू कुठेच नाही.

मेंदूचा धागा मात्र लवकरच दिसला होता. १९३१ साली ॲल्विन पॅपेनहायमर आणि मारियान गॉएच या दोघांनी कोंबडीच्या पिल्लांचा एक आजार नोंदवला. ठरावीक आहारावरची ही पिल्लं झोकांड्या खायची, तोल जाऊन पडायची, आणि त्यांच्या लहान मेंदूत बिघाड सापडायचा. पुढे कळलं, की हा आजार ई जीवनसत्त्वाने टळतो.

त्याच दशकात आयोवा विद्यापीठात हेन्री मॅटिल खवट चरबीचा अभ्यास करत होते. आता हा खवटपणा आपल्याला स्वयंपाकघरातून चांगला माहीत आहे. दाण्याचा कूट उघडा राहिला, की काही दिवसांनी वास बदलतो. तेलातल्या स्निग्ध पदार्थाशी हवेतला ऑक्सिजन जुळतो, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि ही साखळी पुढे चालू राहते. ई जीवनसत्त्व मध्ये पडून ही साखळी तोडतं. मात्र ती तोडताना ते स्वतः खर्च होतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण काकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे.

आता मेंदूचा विचार करा. शरीराच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं, त्यातला सुमारे वीस टक्के एकटा मेंदू वापरतो. शिवाय त्याच्या पेशींच्या आवरणात लवकर खवट होणारे स्निग्ध पदार्थ भरपूर. भरपूर ऑक्सिजन आणि नाजूक चरबी शेजारी शेजारी. तिथे राखणदार लागणारच.

इथे पहिली गोष्ट थांबवतो आणि दुसरीकडे जातो. योगायोग असा, की तिचंही साल १९३६. जागा कॅनडातलं मॉन्ट्रिअल, मॅक्‌गिल विद्यापीठ. हॅन्स सेल्ये नावाचा तिशीही न गाठलेला संशोधक नव्या संप्रेरकाच्या शोधात उंदरांना वेगवेगळे अर्क टोचत होता. त्याला दिसलं, की अर्क कोणताही टोचा, परिणाम तेच. ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या होतात, थायमस आक्रसते, जठरात व्रण पडतात. थंडीत ठेवलं, अतिश्रम करायला लावले, तरी तेच. नवं संप्रेरक सापडलं नाही, पण सेल्येच्या लक्षात आलं, की संकट कोणतंही असो, शरीराचं उत्तर एकाच साच्यातलं असतं. 'नेचर' नियतकालिकात त्याने हे छोट्याशा पत्रातून मांडलं. पुढे या कल्पनेला त्याने पदार्थविज्ञानातला 'स्ट्रेस' हा शब्द दिला. आपण म्हणतो 'ताण'. आपला शब्दही मूळचा दोरीचाच आहे, बघा. थोडा ताण दोरीला हवाच, नाहीतर ती लोंबते. पण कायमचा ताण ठेवला तर दोरीचे पीळ सुटायला लागतात.

सेल्येने शरीर पाहिलं, मन नाही. ते काम पुढच्यांनी केलं. १९६८ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅक्‌युएन आणि सहकाऱ्यांना आढळलं, की ताणाच्या वेळी ॲड्रिनलमधून सुटणारं संप्रेरक उंदराच्या मेंदूत जाऊन हिप्पोकॅम्पस या भागात साठून राहतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मरणाशी आणि भावनांशी जवळचा संबंध असलेला भाग. म्हणजे ताण ही फक्त पोटातल्या व्रणाची बाब राहिली नाही. ताण थेट मेंदूत पोचत होता.

आणि मग १९८७. लंडनमध्ये पॉल विलनर आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना मोठा धक्का दिला नाही. बारीकसारीक त्रास दिला, पण आठवडेच्या आठवडे. कधी पिंजरा तिरका करायचा, कधी खालचा भुसा ओला करायचा, कधी रात्रभर दिवा चालू ठेवायचा, कधी पिंजऱ्यातला सोबती बदलायचा. आणि पुढे काय होणार, हे उंदराला कळू द्यायचं नाही. (श्रोत्यांत हशा) हसताय, कारण हे वर्णन ओळखीचं वाटतंय! कुणाला आपलं ऑफिस आठवलं असेल, कुणाला रोजची लोकल.

एरवी उंदराला साधं पाणी आणि साखरेचं पाणी ठेवलं, तर तो साखरेच्या पाण्याकडे जातो. या उंदरांची ती ओढ कमी झाली. गोड गोड लागेनासं होणं, कशातच रस न वाटणं, हे माणसाच्या नैराश्याचंही मुख्य लक्षण आहे. आणि नैराश्यावरचं औषध काही आठवडे दिल्यावर गोडाची ओढ परत आली. माणसालाही गुण यायला काही आठवडेच लागतात. त्यामुळे 'दीर्घकालीन सौम्य ताण' ही प्रयोगाची पद्धत जगभर पसरली.

आता या दोन गोष्टी एकत्र आल्या. दीर्घ ताणाखालच्या उंदरांचा मेंदू तपासला, तेव्हा अनेक प्रयोगशाळांना त्यात तो खवटपणा, म्हणजे स्निग्ध पदार्थांचं बिघडणं, वाढलेलं दिसलं. मग प्रश्न आपसूकच आला, की राखणदार वाढवला तर? ब्राझीलसह अनेक देशांत उंदरांना ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं गेलं. काही प्रयोगांत नैराश्यासारखी वागणूक कमी झाली, बिघाडाच्या खुणाही कमी झाल्या. काकांच्या मोबाइलवरचा लेख इथून आला होता. इथपर्यंत सगळं खरं आहे.

माणसांच्या बाजूनेही दुजोरा मिळाल्यासारखं झालं. २००० साली मायकेल मेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तीव्र नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात ई जीवनसत्त्व निरोगी लोकांपेक्षा कमी असतं. आता कुणीही म्हणेल, रक्तात कमी आहे ना, मग भर घाला. इथेच रस्ता चुकतो.

गच्चीवरच्या टाकीत पाणी कमी दिसलं, तर आपण लगेच टँकर मागवतो का? आधी बघतो, नळाला पाणी आलं नाही, की टाकी कुठे गळतेय. रक्तातल्या ई जीवनसत्त्वाचंही तसंच. २००५ साली ऑस्ट्रेलियात काही संशोधकांनी नेमकं हेच विचारलं. नैराश्याच्या रुग्णांच्या रक्तात ई कमी होतं, हे त्यांनाही दिसलं. पण ज्यांच्या खाण्यापिण्याची नोंद घेतली, त्यातले बहुतेकजण ई जीवनसत्त्व पुरेसं खात होते. म्हणजे वरून पाणी येत होतं, खर्च कुठेतरी वाढला होता. मघाशी म्हटलं तसं, हे जीवनसत्त्व काम करताना खर्च होतं. आजारात ते जास्त खर्च होत असेल, तर कमी पातळी ही आजाराची खूण ठरते, कारण ठरतेच असं नाही. आणखी एक बाब. ई जीवनसत्त्व रक्तात कोलेस्टेरॉलसारख्या स्निग्ध पदार्थांबरोबर फिरतं. ते कमी-जास्त झाले, की ईचा आकडाही हलतो. नुसता आकडा बघून निष्कर्ष काढता येत नाही.

तुम्ही म्हणाल, कारण काही का असेना, भर घातली तर बिघडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर इतिहासाने एकदा दिलं आहे, आणि ते उत्तर फार महाग पडलं. ते नैराश्याच्या नव्हे, हृदयविकार आणि कर्करोगाच्या बाबतीत आहे, पण तर्क अगदी हाच होता.

१९९३ साली अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्या प्रसिद्ध झाल्या. एक परिचारिकांची, दुसरी आरोग्य क्षेत्रातल्या पुरुषांची. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असं त्यांत दिसलं. अनेकांनी आपणहून कॅप्सूल सुरू केल्या. पण या पाहण्या होत्या. जो माणूस रोज आठवणीने जीवनसत्त्वाची गोळी घेतो, तो बहुधा चालायलाही जातो, सिगारेटही कमी ओढतो. गुण गोळीचा की सवयींचा, हे कसं ठरवणार? त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखं लोकांना दोन गटांत वाटावं लागतं. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ गोळी.

तसं केलं गेलं. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली आले. ई जीवनसत्त्वाने फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. उलट मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले मृत्यू त्या गटात जास्त होते. २००० साली 'होप' नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. साडेनऊ हजारांहून अधिक लोक, रोज ४०० एकक ई, सुमारे साडेचार वर्षं. हृदयविकारावर काहीच फायदा नाही. मग 'सिलेक्ट' ही चाचणी, ३५ हजारांहून अधिक पुरुष. ई जीवनसत्त्वाने प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. २०११ साली कळलं, की तोच कर्करोग ई घेणाऱ्या गटात १७ टक्क्यांनी जास्त झाला.

म्हणजे उंदरांत आशा, पाहण्यांत आशा, आणि नीट चाचणी घेतल्यावर निराशा. नैराश्याच्या बाबतीत अशी हजारो लोकांची चाचणी झालेली नाही. माणसांवरच्या ज्या चाचण्या आहेत, त्या छोट्या आहेत. काहींत थोडा फायदा दिसतो, काहींत नाही. 'आशा आहे' असं म्हणता येईल. 'सिद्ध झालं' असं म्हणता येणार नाही.

मग ई जीवनसत्त्व काय उपयोगाचंच नाही? तसंही नाही. काही मुलांमध्ये जन्मतःच एका जनुकात दोष असतो. ते कितीही खाल्लं तरी यकृत ई जीवनसत्त्व रक्तात नीट पाठवू शकत नाही. ही मुलं मोठी होताना झोकांड्या खायला लागतात, हातापायांवरचा ताबा जातो. अगदी त्या कोंबडीच्या पिल्लांसारखं. १९९५ साली हा जनुक सापडला. या मुलांना वेळेवर मोठ्या मात्रेत ई दिलं, तर आजार थांबतो. जिथे खरा तुटवडा, तिथे हेच जीवनसत्त्व आयुष्य वाचवतं. पण असे रुग्ण विरळा. अमेरिकी मानकानुसार प्रौढ माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम ई लागतं. करडईचं आणि सूर्यफुलाचं तेल, शेंगदाणे, बदाम यांतून ते मिळतं. औषधाच्या दुकानातली कॅप्सूल मात्र बहुतेकदा २०० किंवा ४०० मिलिग्रॅमची असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर मोठ्या मात्रेमुळे रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. ताणातून नैराश्य येतं खरं, पण ताण सगळ्यांना असतो आणि नैराश्य सगळ्यांना येत नाही. मध्ये काय उभं असतं? हा प्रश्न प्रयोगशाळेबाहेरही विचारला गेला. जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस या समाजशास्त्रज्ञांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या साडेचारशेहून अधिक स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या आणि १९७८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. नैराश्य आलेल्या बहुतेक स्त्रियांच्या आयुष्यात त्याआधी काहीतरी जबर घडलं होतं, किंवा एखादी मोठी अडचण बराच काळ चालू होती. पण तितकंच घडूनही काही जणी सावरल्या होत्या. ज्यांना मन मोकळं करायला जवळचं माणूस होतं, त्यांना नैराश्य कितीतरी कमी प्रमाणात आलं. घरात तीन किंवा अधिक लहान मुलं, हाताला काम नाही, लहानपणीच आई गेलेली, अशा परिस्थितीत धोका वाढत होता.

विलनरच्या प्रयोगाकडे आता पुन्हा बघा. उंदीर का खचला? पिंजरा तिरका केला म्हणून, भुसा ओला केला म्हणून, सोबती काढून घेतला म्हणून. त्याला ई जीवनसत्त्व देणं हा एक उपाय झाला. पिंजरा सरळ करणं, भुसा बदलणं, सोबती परत देणं, हाही उपायच आहे. प्रयोगात तो करत नाहीत, कारण प्रयोगाचा हेतू वेगळा असतो. आपण घरात मात्र तो विसरायला नको. मोबाइलवरच्या लेखात ई जीवनसत्त्वाचा उल्लेख वीस वेळा होता, आणि 'सततचा ताण' कसला, हा प्रश्न एकदाही नव्हता.

गोळ्यांबद्दलही प्रामाणिकपणे सांगायला हवं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णांची लक्षणं जवळजवळ पूर्ण गेली. बाकीच्यांना औषध बदलावं लागलं, दुसरं जोडावं लागलं, मानसोपचाराची मदत घ्यावी लागली. त्यामुळे वर्षभर गोळ्या खाऊन कंटाळलेल्या मुलाला दुसरं काही हवंसं वाटणं, यात त्याचं काही चुकत नाही. पण पहिलं औषध पुरत नसेल, तर त्याचं उत्तर डॉक्टरांशी बोलून पुढची पायरी चढणं हे आहे. गोळ्या एकदम थांबवल्या, तर चक्कर, बेचैनी, झोप उडणं असे त्रास होऊ शकतात आणि आजार उलटू शकतो.

तर काकांना आज मी काय सांगेन? सांगेन, की काका, लेखातले उंदीर खरे आहेत, मुलाच्या बाबतीत काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा आहे. गोळ्या चालू ठेवा. कॅप्सूल द्यायचीच असेल, तर डॉक्टरांना विचारून, गोळ्यांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नको. जेवणात शेंगदाणे असू द्या, त्याला कुणाची चिठ्ठी लागत नाही. आणि एकदा मुलाजवळ बसून विचारा, की बाबा, तुझा पिंजरा कुठे तिरका झालाय? रात्रपाळी आहे, कर्ज आहे, वरिष्ठांचा जाच आहे, की बोलायला कुणीच नाही? तुमच्याशी बोलायला त्याला जड जात असेल, तर सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते.

त्या संध्याकाळी हे सगळं मला सुचलं नव्हतं. ते काका आज ऐकत असतील, तर त्यांच्यापर्यंत ते पोचावं, म्हणून हा विषय घेतला.